सांडवा नसलेले तलाव

गावच्या पाझर तलावाला सांडवा का ठेवतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले, की ते बांधालाच कापत जाते. मग तलाव रिकामा व्हायला किती वेळ लागणार? १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, तेव्हा पुण्याने ते पाहिले आहे.

हिमालयात पाच हजार मीटरांच्या आसपास उंचीवर असेच मातीच्या बांधाचे तलाव आहेत. मात्र ते बांध माणसाने घातलेले नाहीत. हिमनदी सरकताना दगडगोटे, रेती, माती ढकलत नेते आणि आपल्या तोंडाशी त्यांचा ढीग रचते. भूगोलात त्याला हिमोढ म्हणतात. हवा तापू लागली तशी हिमनदी मागे हटली, आणि ती व हा ढीग यांच्यामधल्या खोलगटात वितळलेले पाणी साठले. बांध झाला, तलाव झाला. पक्का सांडवा कोण बांधणार? त्यातून ढिगाच्या पोटात पुष्कळदा जुना बर्फ दडलेला असतो. तोही वितळला, की बांध आतून खचतो.

सिक्कीममधला दक्षिण ल्होनाक तलाव असाच वर्षानुवर्षे वाढत होता. शास्त्रज्ञांनी धोका सांगितला होता. २०१६ मध्ये नळ टाकून थोडे पाणी काढलेही होते. पण ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री काठाची गोठलेली दरड तलावात कोसळली. जी लाट उठली, तिने बांध फोडला. सुमारे पाच कोटी घनमीटर पाणी तिस्तेच्या खोऱ्यात उतरले. वाटेत चुंगथांगचे साठ मीटर उंचीचे धरण वाहून गेले. शंभराहून अधिक माणसे दगावली किंवा बेपत्ता झाली.

मग उपाय नाहीच का? आहे. नेपाळात एव्हरेस्टजवळ इम्जा तलाव आहे. १९५० च्या सुमारास तिथे चार-दोन डबकी होती; पुढे त्यांचा एक चौरस किलोमीटरहून मोठा तलाव झाला. २०१६ मध्ये नेपाळी सैनिकांनी तिथे चर खोदून दरवाजा बसवला आणि पाणी तीन मीटरांहून अधिक उतरवले. म्हणजे सांडवाच की! खालच्या गावांसाठी इशाऱ्याची यंत्रणाही उभारली. सांडव्याने धोका कमी होतो, संपत नाही; दरड केव्हा कोसळेल, याचा नेम नाही. म्हणून भोंगाही हवाच.

तलाव भरायला अनेक वर्षे लागतात, फुटायला काही घटका. जे करायचे, ते त्या वर्षांतच करून ठेवले पाहिजे.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेच्या आवारात मातीचा लहानसा बांध घाला, मागे पाणी भरा आणि ते काठावरून वाहू द्या. पुढचा धडा मुले आपल्या डोळ्यांनीच वाचतील.