प्रश्नसंच : किती सोडवले यापेक्षा कसे सोडवले

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



विद्येच्या देवतेसमोर अभ्यासाबद्दल बोलायला मिळतं, याचा आनंद आहे. समितीने विषय सुचवला तो अगदी घरातला. हैदराबादेतल्या आपल्या मराठी घरांतून गेल्या काही वर्षांत किती तरी मुलं-मुली वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, फिलिपाइन्सला गेली. पदवी घेऊन ती परत येतात, पण भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी व्हायला एफएमजीई ही परीक्षा आड उभी असते. ती २००२ पासून होते. जून २०२५ च्या सत्राला बसलेल्यांपैकी शेकडा १९ च्या आसपासच उत्तीर्ण झाले. म्हणजे पाचांपैकी चार जणांच्या घरी त्या दिवशी पेढे वाटले गेले नाहीत. त्यांच्यात हुशार मुलं नव्हती असं कोण म्हणेल? म्हणून तयारी कशी करायची, त्यातही प्रश्नसंच कसा निवडायचा आणि कसा वापरायचा, एवढंच आज सांगतो.

आधी परीक्षा ओळखून घ्या. एकूण ३०० प्रश्न, एकाच दिवशी दोन भागांत. प्रत्येक भागात १५० प्रश्न आणि अडीच तास, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. उत्तीर्ण व्हायला १५० गुण लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. ३०० पैकी १०० प्रश्न शरीररचनेपासून न्यायवैद्यकापर्यंतच्या पहिल्या सात विषयांचे, तर २०० क्लिनिकल विषयांचे. त्यात मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र ३० आणि सामाजिक वैद्यक ३०. या चार विषयांतच १२५ प्रश्न झाले. ॲनाटॉमीचे १७. तरीही अनेक मुलं पहिले तीन महिने ॲनाटॉमीतच घालवतात आणि सामाजिक वैद्यक शेवटच्या आठवड्यावर ढकलतात!

आता निवड. पहिली कसोटी : संच कोणत्या परीक्षेसाठी बनवला आहे? यूवर्ल्ड अमेरिकेच्या परीक्षेसाठी उत्तम आहे, पण तिथे बाळाला जन्मताच बीसीजी देण्याची पद्धत नाही, आपल्याकडे आहे. सर्पदंश, स्क्रब टायफस, आपले राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम यांची तयारी अमेरिकन संचातून होणार नाही. ज्याला तिकडे जायचं त्याने तो घ्यावा, इथे राहायचं त्याने इथला.

दुसरी कसोटी : संच ताजा आहे का? हे तपासायची सोपी युक्ती सांगतो. न्यायवैद्यकात खुनाच्या शिक्षेचं कलम बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळे ३०२ च्या जागी १०३ आलं. लसीकरणात पोलिओच्या इंजेक्शनचा नवव्या महिन्यातला तिसरा डोस आहे का पाहा, तो जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. क्षयरोग कार्यक्रमाचं नाव २०२० मध्ये बदललं, तेही पाहा. या तिन्ही ठिकाणी जुनंच असेल, तर बाकीचंही जुनं असणार असं समजा.

तिसरी कसोटी : स्पष्टीकरण. पैसे भरण्यापूर्वी नमुन्याचे प्रश्न मिळतात. त्यात तुम्हाला सर्वांत चांगला येणारा विषय उघडा आणि वीस स्पष्टीकरणं वाचा. कच्च्या विषयात चूक आपल्या लक्षात येत नाही, पक्क्या विषयात लगेच येते.

आणि एक सावधगिरी. परीक्षा घेणारं नॅशनल बोर्ड जुन्या प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करत नाही. बाजारात 'मागच्या वेळचे खरे प्रश्न' म्हणून मिळतं ते कुणाच्या तरी आठवणीतलं असतं, आणि आठवणीत पर्याय बदलतात. टेलिग्रामवर 'पेपर देतो' म्हणणाऱ्याला तर दारातही उभं करू नका. पालकहो, हे तुमच्यासाठीही आहे. निराश घर हेच या लोकांचं गिऱ्हाईक.

आता वापर. संच एकच घ्या आणि तो पुरा करा. तीन संच अर्धे सोडवण्याने खर्च तिप्पट होतो, अभ्यास होत नाही. सुरुवातीला विषयवार आणि सावकाश सोडवा, नंतर सगळे विषय मिसळून घड्याळ लावून. सगळं वाचून झाल्यावर मग प्रश्न, असं थांबू नका. रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं, की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर स्वतःची परीक्षा घेणारे पुढे असतात. आपली परीक्षा तर महिन्यांनंतरची!

उत्तर बरोबर आलं तरी पुढे पळू नका. समजा, दोन वर्षांचं मूल, सर्दी, भुंकल्यासारखा खोकला, श्वास घेताना आवाज. उत्तर क्रूप. पण उरलेले पर्याय बरोबर ठरायला प्रश्नात काय बदलावं लागेल? लाळ गळते, खूप ताप, पुढे वाकून बसलंय, तर एपिग्लॉटायटिस. खेळता खेळता अचानक ठसका, तर श्वासनलिकेत शेंगदाणा. घशात करडा पडदा, तर घटसर. एका प्रश्नात चार प्रश्न झाले की नाही?

चुकांची वही ठेवा, पण तिच्यात धडे उतरवू नका. चूक का झाली तेवढंच एका ओळीत : माहीत नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, की 'एक्सेप्ट' हा शब्द वाचलाच नाही? पहिल्याला पुस्तक लागतं, दुसऱ्याला उजळणी, तिसऱ्याला फक्त सावधपणा. तिन्हींवर एकच औषध चालत नाही. चुकलेले प्रश्न चार-पाच दिवसांनी पुन्हा सोडवा. मात्र दुसऱ्यांदा मिळालेल्या टक्क्यांवर विसंबू नका, तेव्हा आपण प्रश्न ओळखतो, रोग नव्हे. एक पूर्ण ३०० प्रश्नांची चाचणी अगदी शेवटापर्यंत न उघडता ठेवा, आणि परीक्षेसारखी एकाच दिवशी दोन बैठकांत द्या.

शेवटी पालकांना विनंती. रात्री जेवताना 'आज किती झाले?' असं विचारू नका. आकडा वाढवायला मुलं मग नुसती बटणं दाबतात. 'आज काय चुकलं, आणि का?' असं विचारा, आणि उत्तर आलं तर शांतपणे ऐका. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला बसलेल्या मुलाला आरतीच्या वेळी चार लोकांत निकाल विचारू नका. तो टाळून आरतीला येत नाही, हे आपलं नुकसान आहे.

आणि मित्रांनो, क्रूप आणि एपिग्लॉटायटिस यांतला फरक उद्या एखाद्या आईच्या कडेवर तुमच्यासमोर येणार आहे. तिथे पर्याय छापलेले नसतील. हा अभ्यास त्या आईसाठी आहे, एवढं लक्षात ठेवा. गणराय तुम्हा सर्वांना यश देवो.

गणपती बाप्पा मोरया!