शेतातले कष्ट आणि आपला केसपेपर



छत्रपती संभाजीनगरच्या या डॉक्टरांच्या परिषदेची अध्यक्ष म्हणून थेट मुद्द्यावर येते. 'दिवसभर शेतात राबता, तुम्हाला वेगळा व्यायाम कशाला?' हे वाक्य आपल्या ओपीडीत सर्रास ऐकू येतं. ते आपण बोलणं थांबवावं, एवढंच मागायला मी उभी आहे.

कन्नड, सिल्लोड, पैठण भागातली शेती आपल्या डोळ्यांदेखत बदलली. नांगरणी, पेरणी, मळणी यंत्रावर गेली. बैलांमागे मैलोन् मैल चालणारा गडी आता ट्रॅक्टरवर बसतो, मोटारसायकलवर शेतात जातो आणि चाळिशीत त्याची साखर वाढलेली निघते. खुरपणी आणि कापसाची वेचणी मात्र अजून हातानेच होते, आणि ती बाईच्या वाट्याला आहे. एकाच घरात नवऱ्याला हालचाल कमी पडते, बायकोला विसावा मिळत नाही. आपण त्याच्या केसपेपरवर 'शेती' लिहितो, तिच्या केसपेपरवर 'गृहिणी'.

वेचणीचं काम बघा. कमरेला ओटी बांधलेली असते. ती भरत जाते तसं ओझं कंबरेला पुढे ओढतं, आणि बाई तर आधीच वाकलेली. उमललेल्या बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडा फाटतात. मजुरी किलोवर, म्हणून पाणी प्यायला थांबली तरी पैसे बुडतात. त्यात शेतात आडोसा नसतो, म्हणून पुष्कळ जणी पाणीच कमी पितात. मग लघवीला जळजळ होते म्हणून त्या आपल्याकडे येतात. आपण गोळ्या लिहून देतो. शेतात पाणी किती पिता, हे विचारत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे. नुसती मिनिटंच मोजली तर ही बाई दोन दिवसांत तेवढी करते. मग तिचे गुडघे आणि कंबर का जातात? डेन्मार्कचे संशोधक आंद्रेआस होल्टरमन यांनी कामातली हालचाल आणि फुरसतीतला व्यायाम यांतला फरक मांडला आहे. व्यायामात जोर थोडा वेळ लागतो आणि नंतर शरीराला सावरायला उसंत मिळते. मजुरीत नाडी आणि रक्तदाब तासन् तास चढे राहतात, स्नायू एकाच ठेवणीत आखडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. ते अभ्यास बरेचसे युरोपातल्या कामगारांवरचे आहेत. पण पुणे जिल्ह्यातल्या गावांचा पुरावा आपल्या घरचा आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक, शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गरोदर बायकांच्या शेतातल्या आणि घरातल्या कामाची नोंद ठेवली. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात, गरोदरपणी कष्ट जास्त असलेल्या आयांची बाळं जन्मतः लहान असल्याचं दिसलं. आपल्या राज्यात 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत नोंदलं गेलं. तेव्हा हा भार कोणत्या अंगावर पडतो, ते वेगळं सांगायला नको.

फवारणीचा विषय स्वतंत्र सत्राचा आहे. 2017 साली यवतमाळमध्ये फवारणीतून झालेली विषबाधा आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही.

उपाय फार दूर नाहीत. उभ्याने चालवायचं सायकल कोळपं बसून करायची खुरपणी बरीच कमी करतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात बायकांचे शेतीतले कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर वर्षानुवर्षं काम झालं आहे. ती गावात पोहोचवण्यात डॉक्टरच्या शब्दाला वजन आहे. गरोदर सुनेला वेचणी आणि पाण्याचा हंडा बंद, हे तिला एकटीला सांगून भागत नाही. सासूला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगावं लागतं. आणि त्या नवऱ्याला रोज तासभर चालायला लावा, मोटारसायकल घरी ठेवून.

केसपेपरचा एक नवा नमुना मी तयार केला आहे. त्यात हंगाम, काम, कामाचे तास, उचललेलं ओझं आणि प्यायलेलं पाणी यांचे रकाने आहेत. दुपारच्या सत्रात तो तुमच्यापुढे ठेवते. त्यात दुरुस्त्या सुचवा, आणि येत्या वेचणीपासून आपापल्या दवाखान्यात तो वापरायला घ्या.