ग्राहकांनी एकमेकांशी बोलावं का?





आपल्यापैकी बहुतेकजण लहान होस्टिंग व्यावसायिक आहोत. कुणी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये दोन-चार सर्व्हर भाड्याने घेतलेत, कुणी मोठ्या कंपनीचं रिसेलर खातं घेऊन आपल्या तालुक्यातल्या साइट सांभाळतो. आपले ग्राहक म्हणजे शाळा, पतसंस्था, दवाखाने, प्रकाशक, कोकणातले घरगुती मुक्कामवाले. या ग्राहकांनी आपल्याशी बोलावं अशी आपली इच्छा असते. त्यांनी सगळ्यांच्या देखत एकमेकांशी बोलावं, त्यासाठी आपणच जागा द्यावी, आपल्या नावाने फोरम चालवावा, हे मात्र आपल्याला धोक्याचं वाटतं. आज मला नेमकं याच भीतीविषयी बोलायचं आहे.

भीती खोटी नाही. सर्व्हर बंद पडला की दहाजण एकाच ठिकाणी ओरडतील, स्पर्धक ते वाचेल, उद्या नवा ग्राहक आपलं नाव गूगलवर शोधेल तेव्हा त्याला आधी ती तक्रार दिसेल. हे सगळं होतं. पण आपण स्वतः ग्राहक असतो तेव्हा काय करतो, ते आठवून पाहा. 27 जून 2019 रोजी सर्व्हरचं नियंत्रण पॅनेल बनवणाऱ्या सीपॅनेल कंपनीने दराची पद्धत बदलत असल्याचं जाहीर केलं. तोवर सर्व्हरमागे ठरलेली रक्कम होती, ती खात्यांच्या संख्येवर गेली. ज्यांच्या एकेका यंत्रावर शेकडो खाती होती, त्यांचा हिशेबच कोसळला. तेव्हा जगभरचे होस्टिंगवाले कुठे जमले? वेबहोस्टिंगटॉक या फोरमवर. कुणाचा खर्च किती वाढला, डायरेक्टअ‍ॅडमिन या दुसऱ्या पॅनेलवर जाता येईल का, खाती हलवताना ईमेलचं काय होतं, हे सगळं आपण अनोळखी समव्यवसायींना विचारलं आणि त्यांनी सांगितलं. त्या आठवड्यात कंपनीच्या पत्रकापेक्षा आपला विश्वास त्यांच्यावर होता. आपला ग्राहकही तेच करतो, फक्त आपल्याला न दिसणाऱ्या ठिकाणी. ग्राहकांनी एकत्र येऊन बोलणं महाराष्ट्राला नवंही नाही. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि शेजारपाजारची कुटुंबं एकत्र येऊन वाणसामान मागवू लागली.

आपल्या धंद्यात तर ग्राहक मुळातच एकमेकांचे शेजारी असतात. सामायिक होस्टिंग म्हणजे एका नळावरची चाळ. एका साइटचं बिघडलेलं प्लगइन प्रोसेसर अडवून धरतं आणि बाकीच्यांच्या साइट रखडतात. एकाच्या फुटलेल्या पासवर्डातून हजारो स्पॅम मेल जातात, सर्व्हरचा आयपी पत्ता काळ्या यादीत जातो आणि पतसंस्थेचं व्याजाचं पत्र सभासदापर्यंत पोहोचत नाही. नशीब सामायिक, ओळख मात्र नाही. प्रत्येकजण मदतीचं स्वतंत्र तिकीट टाकतो आणि आपण प्रत्येकाला तेच उत्तर टंकतो.

ईमेलचाच प्रश्न जरा खोलात पाहू, कारण सगळ्यात जास्त तिकिटं त्याचीच येतात. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. मेल खरोखर त्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी ज्यांनी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या, त्या मुख्याध्यापकांना आणि डॉक्टरांना एका सकाळी कळलं की आपले मेल पोहोचतच नाहीत. नेहमीची चूक अशी: ग्राहकाकडे आपल्या सर्व्हरची एक एसपीएफ नोंद असते. तो मेल गूगलकडे नेतो आणि तिथल्या सूचना वाचून दुसरी एसपीएफ नोंद जोडतो. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन झाल्या की तपासणीच चुकीची ठरते आणि दोन्ही निरुपयोगी होतात. दोन्ही सेवांची नावं एकाच नोंदीत घ्यायची असतात. हे मराठीत, पायरीपायरीने, एका खऱ्या शाळेच्या खऱ्या अडचणीच्या निमित्ताने लिहिलेलं कुठे सापडतं? फार कमी ठिकाणी. इंग्रजीत अशी शेकडो पानं आहेत, पण आपल्या ग्राहकाला ती समजत नाहीत, आणि न समजण्यात त्याचा दोष नाही. एका शिक्षकाने मराठीत विचारावं, आपल्या तंत्रज्ञाने मराठीत उत्तर द्यावं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यातल्या शिक्षकाला ते शोधताच मिळावं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते होत नाही. तिथे सकाळचं उत्तर संध्याकाळच्या शुभेच्छांखाली गाडलं जातं.

चांगलं चाललेलं उदाहरण शोधायला लांब जायला नको. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची साइटसाठीची फुकट सुरक्षा प्रमाणपत्रं आपण सगळेच वापरतो. ती संस्था कुणालाही वैयक्तिक मदत देत नाही, मदत मिळते ती तिच्या फोरमवर, आणि तिथे बरीचशी उत्तरं स्वयंसेवक देतात. मला तिथली एक गोष्ट फार मोलाची वाटते. प्रश्न टाकायला गेलं की समोर आधी एक तक्ता येतो: डोमेन कोणतं, कोणती आज्ञा दिली, काय उत्तर आलं, वेब सर्व्हर आणि ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, होस्टिंग कुणाचं, रूटने, म्हणजे पूर्ण अधिकाराने, आत जाता येतं का. या शेवटच्या प्रश्नाला ‘माहीत नाही’ असं उत्तरही चालतं. एवढं भरलं की निम्मा प्रश्न सुटतो, आणि ज्याला काही माहीत नाही त्यालाही आपण अडाणी ठरलो असं वाटत नाही. आपल्या फोरमची सुरुवात अशा तक्त्यापासून व्हावी. सोबत ठळक अक्षरांत लिहावं की पासवर्ड, बिल, डोमेनची मालकी आणि हॅक झालेली साइट हे विषय तिकिटातच येतील.

आता दुसरी बाजू. ब्रिटनमधल्या गिफगॅफ या मोबाइल सेवेने 2009 साली सुरुवातीपासूनच ग्राहकांच्या प्रश्नांना ग्राहकच उत्तर देतील अशी रचना केली आणि उत्तरं देणाऱ्यांना गुणांच्या रूपाने मोबदला दिला. ते ऐकून काहींना वाटतं, चला, मदतकक्षाचे पगार वाचले. मित्रहो, त्या हिशेबाने फोरम उघडायचा असेल तर उघडू नका. गिफगॅफचा सगळा धंदाच त्या कल्पनेवर बेतला होता. आपल्याकडे मदतकक्ष तोडून ग्राहकांना एकमेकांच्या गळ्यात टाकलं, तर तीन-तीन दिवस निरुत्तर पडलेले प्रश्न ही आपली जाहिरात होईल. निरुत्तर प्रश्न तक्रारीपेक्षा वाईट, कारण तक्रारीखाली निदान आपण काय केलं हे लिहिता येतं.

सुरक्षिततेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. जुलै 2013 मध्ये उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमच्या फोरममध्ये घुसखोरी झाली आणि 18 लाखांहून अधिक खात्यांची माहिती गेली. 2016 मध्ये पुन्हा घुसखोरी झाली, तेव्हा फोरमच्या एका जोड-सॉफ्टवेअरमधलं भगदाड बुजवायचं राहून गेलं होतं. वेबहोस्टिंगटॉकवर मार्च 2009 मध्ये हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोराने आधी दूर ठेवलेले बॅकअप पुसले आणि मग डेटाबेस. होस्टिंगवाल्यांच्या सगळ्यात मोठ्या कट्ट्याची ही गत झाली. म्हणून फोरमचं लॉगिन ग्राहकाच्या नियंत्रण पॅनेलपासून पूर्ण वेगळं हवं, त्याचं सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत करायला नेमलेला माणूस हवा, आणि बॅकअप अशा जागी हवा की मुख्य सर्व्हर हाती आलेल्या माणसालाही तो पुसता येऊ नये. कायद्याचंही भान हवं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 चं संरक्षण 2021 च्या नियमांतल्या जबाबदाऱ्या पाळल्या तरच टिकतं. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव जाहीर करणं ही त्यांपैकी एक. वकिलाशी एकदा बसून हे नीट समजून घ्या.

आणि मग येतो तो दिवस, ज्याची आपल्याला सर्वांत जास्त धास्ती असते. 31 जानेवारी 2017 ला प्रोग्रॅमचा कोड साठवून देणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या एका थकलेल्या अभियंत्याने रात्री दुय्यम डेटाबेस समजून मुख्य डेटाबेसच पुसायला घेतला. सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरले. बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. सहा तासांपूर्वीची एक प्रत हाताशी होती म्हणून निभावलं. त्या कंपनीने काय केलं? दुरुस्तीच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आणि काम यूट्यूबवर थेट दाखवलं. लोक चिडले, पण पाहत राहिले, सूचना देत राहिले. त्याच वर्षी 28 फेब्रुवारीला अ‍ॅमेझॉनची एस-थ्री साठवणसेवा एका चुकीच्या आज्ञेमुळे बंद पडली. सेवांची स्थिती दाखवणारं त्यांचं पानही त्याच साठवणीवर अवलंबून होतं, म्हणून ते बदलता येईना आणि ट्विटरवरून कळवावं लागलं. 10 मार्च 2021 ला स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं एसबीजी-टू हे डेटा सेंटर जळून खाक झालं. नेटक्राफ्टच्या मोजणीनुसार 36 लाख साइट बंद पडल्या. संस्थापक ऑक्टाव्ह क्लाबा यांनी त्या रात्रीच लिहून ग्राहकांना आपापली आपत्कालीन योजना सुरू करायला सांगितलं. ते वाचून ज्यांच्याकडे दुसरीकडे प्रत होती ते कामाला लागले. बाकीच्यांना निदान वाट पाहत बसायचं नाही एवढं कळलं.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगतो. ज्या धंद्यात मालक किंवा सर्वांत जाणता तंत्रज्ञ रोज ठरलेल्या वेळी स्वतःच्या नावाने फोरमवर बसेल आणि ‘आमची चूक झाली’ असं लिहिण्याचा त्याला अधिकार असेल, त्या धंद्याने फोरम जरूर चालवावा. शिवीगाळ आणि कुणाची खासगी माहिती काढून टाकावी, तक्रार मात्र राहू द्यावी. ज्यांच्याकडे असा माणूस नाही, त्यांनी फोरमच्या वाटेला जाऊ नये. त्यांनी दर महिन्याला आलेल्या तिकिटांतून पाच उत्तरं निवडून मराठीत नीट लिहावीत आणि साइटवर ठेवावीत. आणि पुढे कधी फोरम बंद करावा लागलाच, तर नवे प्रश्न थांबवा, पण लिहिलेली उत्तरं वाचायला खुली ठेवा. ती ज्यांनी लिहिली त्यांचा वेळ त्यात गेलेला असतो.

अ‍ॅमेझॉनसारखी अडचण आपल्यावर येऊ नये म्हणून या परिषदेच्या दुपारच्या सत्रासाठी माझा एक प्रस्ताव आहे. आपल्यापैकी एकट्याला वेगळ्या डेटा सेंटरमध्ये सेवांची स्थिती दाखवणारं पान ठेवणं परवडत नसेल, तर आठ-दहा जणांनी मिळून ठेवावं. एकाचा सर्व्हर बंद पडला की दुसऱ्याने तिथे नोंद करायची: किती वाजता बंद पडला, कारण काय, पुढची माहिती कधी मिळेल. खर्च किती, किल्ल्या कुणाकडे, रात्री दोन वाजता फोन कुणी उचलायचा, एवढे तीन प्रश्न आज संध्याकाळपर्यंत सोडवता आले तर पुढच्या महिन्यात काम सुरू करता येईल.