सारख्या जिवाणूंतला फरक

ई. कोलाय हा जिवाणू पोषक द्रावणात दर वीस मिनिटांनी दुभंगतो. एका पेशीपासून रातोरात कोट्यवधी पेशी होतात आणि जनुके सगळ्यांची जवळजवळ तीच असतात. प्रथिनांचे प्रमाण मात्र पेशीगणिक बदलते.

हे बराच काळ लपून राहिले, कारण प्रथिने मोजायची तर नळीतल्या सगळ्या पेशी एकदम फोडाव्या लागत. हाती येई ती सरासरी, आणि सरासरी फसवी असते. १९५७ साली नोविक आणि वाइनर यांनी दाखवले, की दुग्धशर्करेचे विघटन करणाऱ्या एन्झाइमला अपुरी चालना मिळाली तर काही पेशी ते भरभरून बनवतात, बाकीच्या जवळपास बनवतच नाहीत. मोजणीत उतरते ते ‘मध्यम’ प्रमाण. तसे ते कोणत्याच पेशीत नसते.

एकेका पेशीत डोकावण्याची सोय जेलीफिशमधल्या चमकत्या प्रथिनाने केली. २००२ साली मायकेल एलोवित्झ आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायमध्ये वेगवेगळ्या रंगांत चमकणारी दोन प्रथिने बसवली. दोन्हींची नियंत्रक कळ हुबेहूब एकच. पेशीची एकंदर स्थिती, म्हणजे रायबोसोमची संख्या वगैरे, बदलली तर दोन्ही प्रथिने बरोबरीने कमीजास्त व्हायला हवीत. एक वाढले आणि दुसरे नाही, तर तो निव्वळ योगायोग. चित्रांत एकाला लाल, दुसऱ्याला हिरवा रंग दिला. प्रमाण समान असलेल्या पेशी पिवळ्या दिसल्या. पण काही स्पष्ट लालसर, काही हिरवट निघाल्या. म्हणजे फरकाची दोन्ही कारणे खरी ठरली.

योगायोगाला इतका वाव मिळतो तो रेणूंची संख्या तुटपुंजी असल्यामुळे. जनुकाच्या प्रती मोजक्या, संदेशवाहक आरएनए काही मिनिटांत नष्ट होणारा. तो आहे तोवर प्रथिनांचा एक झोत येतो, मग खंड पडतो.

याचे परिणाम दवाखान्यापर्यंत पोचतात. १९४४ साली जोसेफ बिगर यांना पेनिसिलिन देऊनही थोडे स्टॅफिलोकॉकस उरलेले आढळले. त्यांची संतती मात्र त्याच औषधाने मरत होती, म्हणजे प्रतिकार जनुकीय नव्हता. २००४ साली नथाली बलाबान आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्म खोबणींत ई. कोलायची एकेक पेशी न्याहाळली. वाचणाऱ्या पेशींची वाढ औषधाआधीच मंदावलेली होती. त्याच गटाने पुढे हिपए या प्रथिनाचा उंबरठा शोधला: पेशीत ते त्यापलीकडे गेले की वाढ थांबते. पेनिसिलिन भित्तिका बांधणाऱ्या, वाढत्या पेशींनाच मारते. थांबलेल्या पेशी त्यातून सुटतात.