पुठ्ठ्याची बाहुली चालू लागते

पावसाळ्यात भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे तालुके भाताच्या आवणीत गुंतलेले असतात. इथल्या लहान मुलांसोबत बाहुलीपट करायचा, तर विषय शोधायला लांब जायला नको. इरलं घेतलेली, आवणी करणारी बाई पुठ्ठ्यातून कापा. धड, हात, पाय वेगळे कापून सांध्यांना सुईदोऱ्याने गाठ मारा. सांधा सैल नको. हात वळवला की तिथेच राहिला पाहिजे.

बाहुली जमिनीवर कागदावर आडवी ठेवा. दोन बाकांवर फळी टाकून मोबाइल चिकटपट्टीने पक्का करा, कॅमेरा फळीच्या कडेबाहेर, खाली तोंड करून. आता हात भाताच्या दाण्याएवढा सरकवायचा, बोटं बाजूला घ्यायची, मग फोटो. असे 12 फोटो म्हणजे पडद्यावर एक सेकंद. ढग आले-गेले की उजेड बदलतो आणि चित्र लुकलुकतं, म्हणून खिडक्या लावून दिव्याखालीच काम करावं. एकाने बाहुली हलवावी, एकाने फोटो काढावा, एकाने मोजावं. मोजणाऱ्या मुलाचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. गणित तिथे आपोआप होतं.

दादासाहेब फाळक्यांनी 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’आधी रोपाची वाढ अशीच एकेक चित्र घेत टिपली होती.

शिक्षकहो, पहिला पट पाच सेकंदांचाच करा. साठ फोटो पुरतात, आणि मुलं कंटाळायच्या आत बाहुली चालू लागते.