तेलुगूत विचार करायला शिकताना
(गणेशोत्सवातील व्याख्यान, वांकिडी)



मराठी मंडळाच्या व्यासपीठावरून आज मी तेलुगूविषयी बोलणार आहे. काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण बाप्पा विद्येची देवता आहे. तो भाषा विचारून प्रसाद देत नाही.

आपली वांकिडी पूर्वी निजामाच्या राज्यात होती. कचेरीत उर्दू चाले, घरात मराठी, आणि बाजारात तेलुगू नि गोंडीही कानावर पडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातला राजुरा भाग मराठी मुलखाकडे गेला, आपण आंध्र प्रदेशात राहिलो. घरं जागची हलली नाहीत, कचेरीची भाषा तेवढी बदलली. २०१४ साली तेलंगण झालं आणि २०१८ च्या कायद्याने शाळेत तेलुगू सक्तीची झाली.

म्हणजे मुलं तेलुगू शिकणारच. काळजी आहे ती मोठ्यांची, विशेषतः राजुरा-चंद्रपूरकडून लग्न होऊन आलेल्या सुनांची. दवाखान्यात स्वतःचं दुखणं सांगायला शेजारच्या पोराला सोबत न्यावं लागतं. बाईने आपलं दुखणं त्या पोराच्या तोंडून कसं सांगावं? अर्धं मनातच राहतं.

अडचण शब्दांची कमी आणि सवयीची जास्त आहे. आपण आधी मराठीत वाक्य जुळवतो, मग त्याचं तेलुगू करतो. तोवर समोरचा पुढच्या माणसाकडे वळलेला असतो.

खरं तर दोन्ही भाषांची चाल पुष्कळ ठिकाणी एकच आहे. ‘मला भूक लागली’ म्हणताना आपण ‘मला’ म्हणतो, तेलुगूतही ‘नाकु’च म्हणतात. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि सोडून ‘आम्ही’, हा भेद हिंदीत नाही. तेलुगूत आहे : ‘मनम’ आणि ‘मेमु’. ‘येतो म्हणून सांगितलं’ हे ‘वस्तानु अनि चेप्पाडु’ असंच होतं. त्यातला ‘अनि’ म्हणजे आपला ‘म्हणून’, ‘आणि’ नव्हे. निरोप घेताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, तेही ‘वेळ्ळोस्तानु’, म्हणजे जाऊन येतो, म्हणतात. इथे भाषांतर करायची गरजच नाही.

फरक आहे तो दुसरीकडे. ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी आंबा खाल्ला’ : आपलं क्रियापद खाल्लेल्या वस्तूमागे जातं. तेलुगूत दोन्हींना ‘तिन्नानु’च. क्रियापद खाणाऱ्याचं ऐकतं, ताटाकडे बघत नाही. बाई आली काय, गाय आली काय, ‘वच्चिंदि’ एकच. म्हणून शाळेतल्या बाईंना मान द्यायचा तर ‘वच्चारु’ म्हणायला हवं. ‘एकोणनव्वद’ म्हणताना आपण नव्वदातून एक काढतो. तेलुगू माणूस ‘एनभै तोम्मिदि’, ऐंशी नि नऊ, असं सरळ मोजतो.

म्हणून सुटे शब्द पाठ करू नका, अख्खी वाक्यं उचला. ‘नाकु कडुपु नोप्पिगा उंदि’, माझं पोट दुखतंय, हे एका दमात तोंडात बसलं पाहिजे. बाजारातले सुटे पैसे तेलुगूत मोजा. भाजी निवडताना आज काय काय करायचं ते मनातल्या मनात तेलुगूत म्हणा. अडलात तर तिथे मराठी शब्द घाला, पण वाक्य तोडू नका. शेजारीण तेलुगू असेल तर तिला सांगा, ‘माझ्याशी हिंदी बोलू नको.’ मनात हिशेब आणि कुरकुर तेलुगूत होऊ लागली, की भाषा आली समजा.

यातून मराठी जाईल का, अशी भीती ज्येष्ठांना वाटते. आपले गोंड शेजारी पाहा. घरी गोंडी, आपल्याशी मराठी, कचेरीत तेलुगू. कितीतरी जण तिन्ही सहज बोलतात. तेलुगू आल्याने मराठी जात नाही. घरात मराठी वाचली-लिहिली नाही, की ती जाते. नातवंडं मराठी बोलतात, पण आजोबांचं पत्र त्यांना वाचता येत नाही, हा खरा धोका आहे.

तेव्हा या उत्सवात दोन गोष्टी ठरवू. मुलांनी आई-आजीला रोज तेलुगूची पाच वाक्यं द्यायची आणि आई-आजीने मुलांकडून मराठीचं एक पान वाचून घ्यायचं. पुढच्या वर्षी याच मंडपात आपल्या सुना दवाखान्यातलं बोलणं स्वतः करून दाखवतील आणि मुलं आरतीचं पुस्तक हातात घेऊन वाचतील, एवढंच मागणं बाप्पाच्या चरणी ठेवतो.