चिरंजीव प्रेमाची कहाणी कुठे फसते?

आपल्याकडची भुते पिंपळावर नाही तर पडक्या विहिरीत राहतात. युरोपातल्या लोककथांतले व्हँपायर नावाचे पिशाच्च मात्र माणसांत वावरते, रक्त पिऊन जगते, आणि त्याला मरण नसते. अशाच एका जोडप्याची प्रेमकथा १९८३ सालच्या ‘द हंगर’, म्हणजे ‘भूक’, या इंग्रजी चित्रपटात आहे. दिग्दर्शक टोनी स्कॉट. आधार व्हिटली स्ट्रीबर यांच्या कादंबरीचा.

मिरियम प्राचीन इजिप्तपासून जगत आलेली. ‘तू कायम माझाच’, असा शब्द तिने जॉनला अठराव्या शतकात दिला. पण तिच्याजवळ देण्यासारखे होते ते आयुष्य; तारुण्य नव्हे. पुढे न्यूयॉर्कमध्ये जॉनला एकाएकी म्हातारपण गाठते. वार्धक्यावर संशोधन करणाऱ्या सारा या डॉक्टरीणबाईंकडे तो धाव घेतो. त्यांना तो चक्रम वाटतो. त्या त्याला बाहेर बसवून ठेवतात. बसल्या जागी, काही तासांत, त्याचे केस गळतात, कातडी सुरकुतते. डेव्हिड बोवीच्या तरुण चेहऱ्यावर हे वार्धक्य चढवले डिक स्मिथ या रंगभूषाकाराने. दवाखान्याच्या दारी ताटकळलेल्या कुणालाही हे दृश्य विसरता यायचे नाही.

‘मला सोडव’, असे जॉन विनवतो. पण सुटका नाहीच! मिरियम त्याला उचलून माळ्यावरच्या शवपेटीत ठेवते. तिथे तिचे आधीचे प्रियकरही असेच, मरण न येता पडलेले. आपल्याला अश्वत्थामाच आठवतो.

आणि इथेच चित्रपट हातचा निसटतो. जॉनचे दुःख मागे पडते, मिरियमला साराची ओढ लागते, आणि पडद्यावर उरतात वाऱ्यावर उडणारे झिरझिरीत पडदे, कबुतरे, धूर आणि निळसर उजेड. स्कॉट जाहिरातपटांतून आलेले. एकेक चित्र देखणे, यात शंका नाही. पण मिरियम खरेच प्रेम करते, की एकटेपणाला भिते? हे कुणी विचारीतच नाही. शेवटी सारा असल्या जगण्यापेक्षा मरण पत्करू पाहते. आणि लगेच पुढे ती तरुण, जिवंत दिसते! मग त्या नकाराला किंमत काय राहिली?

गुरुजींनो, मुलांना गोष्ट सांगताना हे ध्यानात असू द्या. वर्णन जरूर रंगवावे. पण ज्याचे दुःख ऐकायला मुले सरसावून बसली, त्याला मध्येच माळ्यावर टाकू नये.